चुकल्याबद्दल एक गुण

हस्तलिखित तीनशे बारा पानांचं,
पेन्सिल माझी, ताशी दर त्यांचा.
नायक रेज टोलहर्स्ट, मॅलीच्या गहूपट्ट्यातला,
वजन चौदा स्टोन, हात फावड्यासारखे.
लेखक त्याचा सख्खा भाचा,
त्यामुळे मामा पहिल्या पानापासूनच उंच :
सहा फूट दोन.

सैन्यभरतीच्या कागदावर सहा फूटही नाही.
लाल खूण केली, चहा घेतला.

पान सत्तेचाळीस. एक्कावन्नची फायनल, अकरा गोल.
मेलबर्नच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्म फिरवत बसले.
सोमवारचा अंक, गव्हाच्या भावाशेजारी :
सात गोल, चार बिहाइंड.
सात नि चार अकरा. म्हणजे भाचा खोटं बोलला नव्हता,
नुसती बेरीज केली होती.

हा खेळच तसा.
उंच खांबांच्या मधून चेंडू गेला तर सहा गुण,
पांढऱ्या कोटातला पंच दोन निशाणं हलवतो.
बाजूच्या बुटक्या खांबाकडे भरकटला,
किंवा उंच खांबाला नुसता घासला,
तरी एक गुण, एक निशाण.
चुकल्याबद्दल पदरात काही टाकणारा
दुसरा खेळ मला ठाऊक नाही.
चरित्रलेखन सोडलं तर.

आकडे गरीब असतात, पकडले की गप्प बसतात.
विशेषणं हातातून निसटतात.
रेज 'कष्टाळू'. रेज 'डोकेबाज'.
रेज 'गोठ्यामागे अंधार पडेस्तोवर सराव करणारा'.
आणि हर्बी लॅम्बर्न, त्याच संघातला,
नदीपलीकडच्या मिशनवर वाढलेला,
तो 'उपजत'. तो 'जादू'. तो 'वारा'.
पुस्तकात तीनदा येतो, तिन्ही वेळा पळत.
विचार करताना एकदाही नाही.
संघाच्या फोटोखाली सतरा नावं, माणसं अठरा.

हर्बीच्या मुलीला फोन केला.
म्हणाली, सरावाला बाबा अकरा मैल सायकलने जायचे,
परतताना दिवा नसायचा.
मी समासात लिहिलं :
याला कष्ट म्हणायचं की वारा?

पान एकशे नव्वद.
इथे पोचण्याआधीच पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं.
चोपन्नची सेमीफायनल, रेजचा शेवटचा गोल.
आमच्या घरी तो गोल झालाच नव्हता.
वडील समोरच्या संघाचे, गोलच्या मागे भिजत उभे,
चेंडू खांबाला घासल्याचा आवाज
त्यांनी ऐकला होता,
मरेपर्यंत ऐकत होते.
रविवारी जेवताना मिठाची बाटली खांब व्हायची
आणि उकडलेला बटाटा चेंडू.
टक्, म्हणायचे. असा. टक्.

तीन दिवस तो टक् शोधला.
दोन वर्तमानपत्रांत नाही.
पंचाच्या नातीनं बिस्किटांच्या डब्यातून वही काढून दिली,
पावसानं फुगलेली, अक्षर तरी स्वच्छ :
'गोल. मधोमध. कल्ला इतका की
स्वतःची शिट्टी ऐकू येईना.'

बरोबरची खूण करायला
मला अख्खी दुपार लागली.
आणि आधीच्या एकशे एकोणनव्वद पानांवर
हात किती चटचट चालला होता
ते तेव्हा दिसलं.

पुन्हा पहिल्या पानापासून. हे तास बिलात लावले नाहीत.
भरतीचा कागद चव्वेचाळीसचा.
वय लिहिलंय अठरा, जन्मदाखला म्हणतो सतरा पूर्ण नाहीत.
त्या वयानंतर पोरं वाढतात.
लाल खूण खोडली. कागद जरा फाटला.

भाच्याचं उत्तर आलं, सभ्य, आटोपशीर.
अकराचे सात केले, जरा कुरकुरत.
'जादू' एका ठिकाणी गेली, दोन ठिकाणी राहिली.
फोटोखाली आता अठरा नावं :
मागची रांग, डावीकडून तिसरा, एच. लॅम्बर्न.
सायकलीला मात्र जागा नाही म्हणाला,
प्रकरण आधीच लांबलंय.

म्हणजे खांबाला घासून गेलं.
टक्.
एक निशाण.